कोंडवाडा, जॅमर आणि काकांची मोटार

हाइड पार्कच्या हिरवळीवर उन्हाळ्यात पथारी पसरून बसलेल्या माणसाला बहुधा कल्पना नसते, की पार्कच्या पोटात मोटारींचं एक अख्खं गाव वसलेलं आहे. पार्क लेनलगतचं हे जमिनीखालचं वाहनतळ १९६२ साली उघडलं. त्याच्याच एका भागात रस्त्यांवरून उचलून आणलेल्या गाड्या वर्षानुवर्षं ठेवल्या जात. आपल्याकडे गावात मोकाट गुरं धरून कोंडवाड्यात घालत आणि मालकानं दंड भरला की सोडत, तसाच हा प्रकार. इंग्रजीतसुद्धा गुरांच्या आणि गाड्यांच्या कोंडवाड्याला एकच शब्द आहे. भारतातून पाहुणे आले, की मादाम तुसाँ वगैरे उरकल्यावर मी त्यांना इकडची एक चक्कर घडवतो. लोक लंडन पाहायला येतात, पार्किंग पाहायला नव्हे, असं आमच्या घरातलं मत आहे. पण इंजिनियर माणसाला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेपेक्षा अशा जागी जास्त रमायला होतं, त्याला काय करणार!

तिथून दहा-बारा मिनिटं चाललं, की ग्रोव्हनर स्क्वेअर लागतो. जुलै १९५८ मध्ये लंडनचे पहिले पार्किंग मीटर याच मेफेअर भागात बसले. दोन वर्षांनी, १९६० मध्ये, ट्रॅफिक वॉर्डन आले. तरी गाड्या काही ऐकेनात, म्हणून मे १९८३ मध्ये मध्य लंडनच्या रस्त्यांवर चाकाला कुलूप घालणारं ते धूड अवतरलं. पुण्या-मुंबईत आपण त्याला जॅमर म्हणतो, इथे क्लॅम्प म्हणतात आणि फ्रेंच लोक म्हणतात 'साबो द डेन्व्हर', म्हणजे डेन्व्हरचा खडावा. मला तिन्हींमध्ये खडावाच आवडतो.

या खडावाचा जनक फ्रँक मारुग हा डेन्व्हर सिंफनी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवणारा आणि ओतकामासाठी पॅटर्न तयार करणारा कारागीर. डेन्व्हरच्या पोलिसांपुढे एक डोकेदुखी होती. दंड थकवणाऱ्यांच्या गाड्या उचलून नेल्या, की आतल्या प्रत्येक वस्तूची यादी करा. शिवाय नंतर मालक येऊन म्हणणार, माझी अमुक वस्तू गेली. मारुगनं सुचवलं, गाडी नेऊच नका, जिथे आहे तिथेच जखडा. ५ जानेवारी १९५५ रोजी पहिला जॅमर लागला, १९५८ मध्ये पेटंट मिळालं. त्यातला एक नमुना स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे.

आता यातली गोम पाहा. मारुगच्या जॅमरनं सोडवलेला प्रश्न वसुलीचा होता, रस्ता मोकळा करण्याचा नव्हे. लंडननं तो उचलला आणि जिथे गाडी उभीच राहायला नको, तिथल्या गाड्यांनाही लावला. म्हणजे जी गाडी आधी अर्धा तास अडथळा करणार होती, ती आता मालक येईपर्यंत, पैसे भरेपर्यंत आणि जॅमर काढणारा माणूस पोचेपर्यंत तिथेच ठाण मांडून बसणार! मागच्या बसमधल्या लोकांना या न्यायाचा काय उपयोग? हे इथल्या सरकारच्याही लक्षात आलं. पार्किंगच्या अंमलबजावणीबाबत २००८ मध्ये जी मार्गदर्शक सूचना निघाली, तिच्यात स्पष्ट म्हटलं, की अडथळा किंवा धोका करणारी गाडी जखडू नका, उचला. जॅमर मुख्यतः वारंवार दंड बुडवणाऱ्यांसाठी ठेवा. म्हणजे पंचवीस वर्षांनी स्वारी पुन्हा मारुगपाशी आली.

(खासगी जागेत जॅमर लावून पैसे उकळणाऱ्यांची कथा वेगळी. स्कॉटलंडमधल्या न्यायालयानं १९९२ मध्येच त्याला खंडणी आणि चोरी ठरवलं. इंग्लंड-वेल्समध्ये मात्र १ ऑक्टोबर २०१२ पर्यंत वाट पाहावी लागली.)

जॅमर चालतो तो मालकाला गाडी हवी असते म्हणून. पण ज्या गाडीला कोणी वालीच नाही, तिचं काय? २००० सालाच्या सुमारास भंगाराचे भाव असे कोसळले, की जुनी मोटार भंगारवाल्याला द्यायची तर वर आपल्यालाच पैसे मोजावे लागत. मग लोक काय करणार? नंबर प्लेट काढायची, अंधारात कुठल्या तरी गल्लीत गाडी लावायची आणि बसनं घरी यायचं. पुढे पोरं काचा फोडत, एखाद्या रात्री कोणी काडी लावी. बेवारस गाडी हटवणं हे १९७८ च्या कायद्यानं कौन्सिलचं कर्तव्यच आहे, पण निव्वळ भंगार झालेल्या गाडीलाही आधी सात दिवसांची नोटीस चिकटवावी लागे. २००२ मध्ये ती मुदत २४ तासांवर आली.

आता बेवारस कोणाला म्हणायचं? नोंदणीत मालक सापडत नाही, कर भरलेला नाही, बरेच दिवस हललेली नाही, टायर बसलेत, काचांवर शेवाळ, आत कचरा, अशी लक्षणं पाहिली जातात. वाचताना सोपं वाटतं. पण मंडळी, यातली निम्मी लक्षणं चार-पाच महिने भारतात जाऊन राहणाऱ्या आपल्यातल्या कुणाच्याही गाडीला लागू पडतील!

आमच्याच रस्त्यावर हे घडलं. मंडळातले एक काका धाकट्या भावाच्या आजारपणासाठी तीन आठवड्यांचं म्हणून पुण्याला गेले आणि पाच महिने तिथेच अडकले. गाडी कोपऱ्यावर, फूटपाथची कड जिथे उतरती केलेली असते, त्या उताराच्या तोंडावर थोडी पुढे आलेली. काका इथे असताना गाडी रोज हलायची, त्यामुळे कोणाच्या डोळ्यांवर आली नव्हती. मधल्या काळात एमओटी संपलं, म्हणून कराचं नूतनीकरण झालं नाही. एक टायर बसला. आमच्या शेजारच्या आयरिश आजी विजेच्या खुर्चीतून दुकानात जातात. त्यांना तो उतार सोडून भर रस्त्यातून वळसा घालावा लागे. त्यांनी तक्रार केली आणि एके सकाळी काचेवर नोटीस लागली.

मी पुण्याला फोन लावला. काका आधी चिडलेच. "अरे, गाडी माझी, कागद माझ्या नावावर, किल्ली माझ्या खिशात. बेवारस कोण म्हणतो तिला? इथे आमच्या सोसायटीच्या दारात एक मारुती सहा वर्षं सडतेय, तिला कोणी हात लावत नाही!"

"काका, तुमचं खरं आहे, पण आजींना रस्त्यातून जावं लागतंय," मी म्हटलं.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "त्यांना सांग, मी माफी मागितली म्हणून."

काकांना फोनवर बोललो नाही, पण कायदा भारतातही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १२७ वं कलम तर इथल्यापेक्षा कडक वाटावं असं आहे. सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ सोडून दिलेली गाडी उचलायचा, अगदी जॅमर लावायचासुद्धा अधिकार गणवेशातल्या पोलिसाला आहे. अडचण पुढची आहे: उचललेली गाडी ठेवायची कुठे? कुठल्याही पोलीस ठाण्याबाहेर पाहा, जप्तीच्या आणि अपघातातल्या गाड्यांची रांग गंजत उभी असते. अशा गाड्या ठाण्यात फार काळ ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये एका निकालात सांगितलं होतं. कोंडवाडा भरला, की गुरं पुन्हा रस्त्यावर!

काकांच्या गाडीची खटपट मात्र आम्हालाच करायची होती. कर नाही, एमओटी नाही, म्हणजे चालवून नेणं बेकायदा. 'गाडी वापरात नाही' असं जाहीर करायची सोय १९९८ पासून आहे, तिला सॉर्न म्हणतात. पण ती गाडी खासगी जागेत उभी असेल तरच. रस्त्यावर ठेवून सॉर्न केली तर उपयोग शून्य, आणि करखात्याचा जॅमर आजही लागतो. तो काढायला १०० पौंड, वर कर भरलेला नसेल तर १६० पौंड अनामत. काचेवरची गोल करचकती २०१४ पासून बंद झाल्यामुळे कर संपल्याचं आपल्याला दिसतही नाही. तेव्हा लांबच्या मुक्कामाला निघताना विमानाच्या तिकिटाबरोबर एमओटीची तारीखही बघा. ज्याच्याकडे ड्राइव्हवे आहे असा एक मित्र जोडून ठेवा. आणि गाडीची एक किल्ली इथे ठेवून जा. काकांची किल्ली पुण्याला असल्यामुळे गाडी चाकं न फिरवता ट्रकवर चढवताना काय कसरत झाली, ते मी आणि तो ट्रकवालाच जाणे.

हॅरोच्या एका मित्राच्या दारात ती तीन महिने होती. काका मार्चमध्ये परतले, भावाचं सगळं उरकून. गाडी विकून टाका असं सगळ्यांनी सुचवलं, त्यांनी ऐकलं नाही. नवी बॅटरी, नवा टायर घालून एमओटी करून घेतलं. हल्ली ती कोपऱ्यापासून चार घरं पलीकडे उभी असते, आणि काका मंडईला जायचं नसलं तरी दर दोन दिवसांनी तिला एक फेरी मारून आणतात.