माझ्याकडे तर होत नाहीये!

गेल्या दिवाळीत माझ्या भाचीनं जाहीर केलं की तिला इलेक्ट्रिक गिटार वाजवायची आहे. वय वर्षं तेरा. गिटार ताईनं घेऊन दिली आणि ॲम्पची जबाबदारी आली मामावर. मामा आयटीत आहे, म्हणजे त्याच्याकडे पैसे असणार आणि त्याला सगळ्या वायरी कळत असणार, असे दोन गैरसमज आमच्या घरात फार पूर्वीपासून आहेत.

नवा ॲम्प परवडला नसता असं नाही. पण 'खूळ किती दिवस टिकतंय ते बघू' असा अस्सल मध्यमवर्गीय विचार करून मी हॉस्टेल सोडून निघालेल्या एका मुलाकडून पंधरा वॉटचा जुना ॲम्प दीड हजाराला उचलला. वाजत होता, एवढं बघितलं आणि घेतला.

आठवड्याभरात भाचीचा फोन.

"मामा, तीन प्रॉब्लेम आहेत. एक, तो सारखा गुणगुणतो. 'जी' सुरात गुणगुणतो. दोन, आवाजाचं बटण खरखरतं आणि पिन हलली की आवाजच जातो. आणि तीन, तारांना हात लावला की मुंग्या येतात."

शनिवारी गेलो. पहिले दोन प्रॉब्लेम लगेच सापडले. तिसऱ्यासाठी पाच मिनिटं तारांवर बोटं घासली. काही नाही. "माझ्याकडे तर होत नाहीये! सवय नाही ना तुला, बोटं दुखत असतील," असं म्हणून मी विषय संपवला. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे वाक्य चांगलंच ओळखीचं असेल. टेस्टिंगवाला बिचारा तळमळून बग टाकतो आणि आपण 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणून तो बंद करतो.

घरी येऊन ॲम्प उघडला. नकाशा अर्थातच कुठे मिळेना. पण आत बघितल्यावर धीर आला. मधोमध टीडीए २०३० ही पाच पायांची आयसी, आणि सगळी रचना त्या आयसीच्या डेटाशीटमध्ये नमुना म्हणून दिलेल्या सर्किटसारखीच. बनवणाऱ्यानं पैसे वाचवायला जे बाजारात सहज मिळतं तेच वापरलेलं. म्हणजे ॲम्प स्वस्त होता म्हणूनच दुरुस्त होण्यासारखा होता!

गुणगुण कशाची तेही कळलं. आपली वीज ५० हर्ट्झची. डायोडच्या पुलातून गेली की सेकंदाला १०० हेलकावे होतात. ते सपाट करायचं काम दोन मोठ्या कपॅसिटरचं, आणि माझ्या ॲम्पमधले दोन्ही डोक्यावर फुगलेले. गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पट्टीला बोट ठेवलं की 'जी' येतो, तो ९८ हर्ट्झचा. पोरीचा कान तयार आहे हो!

यादी केली आणि पुढच्या शनिवारी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. तिथे माझी इंजिनिअरिंगची पदवी दोन मिनिटांत गळून पडली.

"क्वार्टर इंच इनपुट जॅक आहे का?"

"नाही."

"अहो काका, तो समोर टांगलाय तसा."

"हा? हा पी-३८ आहे. पी-३८ म्हणा की मग."

कपॅसिटर म्हणजे कंडेन्सर, पोटेन्शिओमीटर म्हणजे कंट्रोल, रेझिस्टर म्हणजे रेझिस्टन्स. वस्तू सगळी असते, तिचं दुकानातलं नाव तेवढं माहीत पाहिजे. दुसऱ्या दुकानात मी "बावीसशे-पंचवीस कंडेन्सर दोन" असं ऐटीत म्हणालो. काकांनी २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचे काढले. "पंचवीसचे नाहीत, पण व्होल्ट जास्त चालतात. कमी नाही चालत. उंची बघून घ्या, झाकण बसलं पाहिजे."

कंट्रोल मागितला, तर प्रश्न आला, "ए की बी?" मी म्हटलं, "कुठलाही द्या, हंड्रेड के पाहिजे." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि कुठलाही दिला.

घरी डाग देऊन सगळं बसवलं. गुणगुण गेली, खरखर गेली. पण बटण जरासं फिरवलं की ॲम्प एकदम बोंबलायचा आणि पुढे दहापर्यंत फिरवा, फारसा फरकच नाही. ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर. आपल्या कानाचं गणित सरळ रेषेत चालत नाही, म्हणून आवाजाच्या कंट्रोलला ए लागतो. 'कुठलाही' चालत नाही.

परत तपकीर गल्ली. काका 'ए' शोधत असताना मी सहज गंमत म्हणून सांगितलं, "भाची म्हणते तारांना मुंग्या येतात. मला तर काही लागत नाही."

काकांचा हात थांबला.

"ती वाजवताना पायात चप्पल घालते का?"

मी गप्प. भाची वाजवते ती खाली फरशीवर मांडी घालून, अनवाणी. आणि मी? ताईच्या घरी फरशी गार म्हणून रबरी स्लिपर घालून बसलो होतो.

"अर्थिंग बघा आधी," काका म्हणाले. "आवाजाचं नंतर."

घरी येऊन पहिल्यांदा तीन पिनांचा प्लग उघडला. हिरवी वायर मुळापासून कापलेली. आधीच्या मालकांपैकी कोणाला तरी गुणगुण अर्थिंगमुळे येतेय असं वाटलं असेल, किंवा खोलीत दोनच पिनांचा सॉकेट असेल. फ्यूज बघितला, तर काचेच्या नळीवर तांब्याची तार गुंडाळलेली. मी ॲम्प उघडून कंडेन्सर बदलले, आयसीचा नंबर वाचून खूश झालो, पण या दोन गोष्टी मला दिसल्या नव्हत्या. कारण त्या माझ्या यादीत नव्हत्या.

गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या जाळीतून थेट ॲम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. ट्रान्सफॉर्मरमधून थोडा करंट पत्र्यावर गळतो. अर्थिंग असेल तर तो तिकडून निघून जातो, नसेल तर वाजवणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जातो. आज मुंग्या. उद्या आतलं इन्सुलेशन फाटून पत्र्याला फेज लागली असती, तर पूर्ण २३० व्होल्ट. आणि तार गुंडाळलेला फ्यूज काही उडाला नसता. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

तीन पदरी नवी केबल, नवा प्लग, अर्ध्या अँपियरचा काचेचा फ्यूज आणि केबल पत्र्यात शिरते तिथे रबराची रिंग, असं सगळं आणलं. हिरवी वायर स्क्रूनं पत्र्याला घट्ट कसली. आपल्या प्लगची अर्थची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असते, म्हणजे ती आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. इतकी वर्षं प्लग लावतोय, कधी लक्षातच आलं नव्हतं. ताईकडे वायरमन बोलावून घरातलं अर्थिंगही तपासून घेतलं. सॉकेटला भोक आहे म्हणून अर्थ असतोच असं नाही.

सगळे सुटे भाग मिळून खर्च तीनशेच्या आत.

ॲम्प परत नेला तेव्हा मी स्लिपर काढली, फरशीवर मांडी घातली आणि आधी स्वतः वाजवून बघितलं. मग भाचीच्या हातात गिटार दिली.

"मुंग्या?"

"नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मी सांगितलं होतं ना तुला."

सॉरी म्हणालो. सोमवारी ऑफिसात गेल्यावर 'माझ्याकडे होत नाही' म्हणून बंद केलेले चार बग पुन्हा उघडले. त्यातले दोन खरे निघाले.