रिओनंतरची दीपा

दीपा कर्माकर म्हटलं की बहुतेकांना एकच रात्र आठवते: १४ ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिंपिक, व्हॉल्टची अंतिम फेरी. भारतात अकरा वाजून गेले होते आणि ज्यांनी जन्मात कधी जिम्नॅस्टिक्स पाहिलं नव्हतं, तेही टीव्हीसमोर बसून होते. दीपाला १५.०६६ गुण मिळाले, तिसऱ्या आलेल्या स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रुबरला १५.२१६. दीडशे सहस्रांशांनी कांस्यपदक हुकलं. देश हळहळला, कौतुकही भरभरून झालं, आणि लोकांच्या मनात दीपाची गोष्ट तिथेच संपली.

खरं तर तिची अवघड वर्षं तिथून पुढे सुरू झाली. त्या वर्षांत तिनं जे केलं ते रिओपेक्षा मोठं आहे.

आधी तिनं रिओत केलेला प्रोदुनोव्हा व्हॉल्ट. रशियाच्या येलेना प्रोदुनोव्हानं १९९९ मध्ये तो स्पर्धेत करून दाखवला, म्हणून त्याला तिचं नाव. जास्तीत जास्त पंचवीस मीटरची धाव, स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय, सव्वा मीटर उंच टेबलावर हातांचा एक दणका आणि मग हवेत पुढच्या बाजूला सलग दोन कोलांट्या. पुढे फिरताना जमीन जवळजवळ शेवटपर्यंत दिसत नाही. पाय कुठे टेकणार, हे अंगाला अंदाजानंच ठरवावं लागतं. फिरणं फारच कमी पडलं तर माणूस मानेवर येतो. रिओत दीपाचे पाय टेकले, पण गुडघे इतके वाकले की ती जवळपास बसलीच. तरीही त्या उडीला १५.२६६ गुण मिळाले. पहिल्या उडीचे १४.८६६ होते. सरासरीत पदक गेलं.

हे सगळं उभं राहिलं होतं आगरतळ्यात. वडील दुलाल कर्माकर वेटलिफ्टिंगचे प्रशिक्षक, त्यामुळे घरात खेळ होताच. पण मुलीचे तळपाय सपाट. जिम्नॅस्टसाठी हा मोठाच अडथळा, कारण उडी घेताना आणि उतरताना सगळा भार पायाच्या कमानीवर येतो. प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं मेहनत करून तिनं तो अडथळा ओलांडला. धड साधनं नसल्यानं सुरुवातीच्या काळात जुन्या स्कूटरचे भाग जोडून व्हॉल्टचा सराव चालायचा. २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं कांस्य मिळवलं. त्या स्पर्धेत जिम्नॅस्टिक्सचं पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला.

गोडादऱ्यात बसून हा प्रवास वाचताना हिशेब आपोआप मनात येतो. सुरतेच्या या भागात खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. बाप लूम्सच्या खात्यात बारा तासांच्या पाळीला, आई घरी साड्यांना लेस-टिकल्या लावतेय, आणि मुलगी गल्लीत हातावर चालतेय, मागे वाकून कमान करतेय. अशा पोरी इथे सहज दिसतात. त्यांना लागेल ते काय? उंच छताचा हॉल, व्हॉल्टचं टेबल, पडायला फोमचा खड्डा, रोज चार-पाच तास देणारा गुरू आणि गुडघा दुखावला तर लगेच पाहणारा फिजिओ. यातलं पैशानं मिळणारं बरंच आहे, पण घरातल्या पैशानं नाही. दीपालाही हे सगळं सहज मिळालं नाही. रिओत सुरुवातीला तिच्यासोबत फिजिओथेरपिस्ट नव्हता. ती अंतिम फेरीत गेल्यावर तो पाठवण्यात आला.

मग २०१७ मध्ये दीपाच्या गुडघ्यातलं एसीएल हे अस्थिबंधन गेलं. मुंबईत डॉ. अनंत जोशी यांनी शस्त्रक्रिया केली. व्हॉल्टच्या खेळाडूला एसीएलची दुखापत म्हणजे पायाखालची जमीनच जाणं, कारण प्रत्येक उडीचा शेवट त्याच गुडघ्यावर होतो. तरी २०१८ च्या जुलैत तुर्कस्तानातल्या मर्सिनला ती विश्व चॅलेंज कपचं सुवर्ण जिंकली. पुढच्याच महिन्यात जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत गुडघ्यानं पुन्हा दगा दिला, व्हॉल्टची अंतिम फेरी हुकली. बीमवर मात्र ती पाचवी आली. २०१९ मध्ये बाकूत पुन्हा दुखापत. टोकियो ऑलिंपिक हुकलं.

त्यानंतर आलं ते सर्वांत कडू. ११ ऑक्टोबर २०२१ ला घेतलेल्या नमुन्यात हायजेनामाईन हे प्रतिबंधित द्रव्य सापडलं. हा पदार्थ काही वनस्पतींमध्ये आणि पूरक आहारातही असतो. आपण तो नकळत घेतला, असं तिनं सांगितलं. एकवीस महिन्यांची बंदी १० जुलै २०२३ ला संपली. तिनं लगेच निवड चाचणी दिली आणि ती जिंकली. तरीही हांगझोच्या आशियाई स्पर्धेसाठी तिला वगळलं गेलं, कारण क्रीडा मंत्रालयाच्या निकषात मागच्या बारा महिन्यांतली कामगिरी हवी होती. बंदीत असलेल्या खेळाडूकडे ती कुठून असणार? शिक्षा भोगून झाली होती, चाचणीत ती पहिली आली होती, आणि कागदावरच्या एका ओळीनं तिचं आणखी एक वर्ष गेलं. नियम सर्वांना सारखा हवा हे मान्य. पण इथे तो अन्यायाचा झाला, हे स्पष्ट म्हणायला हवं.

२६ मे २०२४, ताश्कंद. ही ओक्साना चुसोवितिनाची भूमी, जिनं रिओच्या त्याच अंतिम फेरीत एक्केचाळीसाव्या वर्षी प्रोदुनोव्हाचं धाडस केलं होतं. ताश्कंदला आली तेव्हा दीपा तीस वर्षांची. प्रोदुनोव्हा तिनं बाजूला ठेवला होता. गुडघ्याला झेपतील अशा उड्या निवडून, त्या नीट उतरवून तिनं १३.५६६ गुण मिळवले आणि आशियाई अजिंक्यपद जिंकलं. जिम्नॅस्टिक्समध्ये हे कुठल्याही भारतीयाला याआधी जमलं नव्हतं. इथं पदक होतं, तेही सोन्याचं, पण रात्र जागवणारं कुणी नव्हतं. पॅरिस ऑलिंपिकचं तिकीट मात्र मिळालं नाही. ७ ऑक्टोबर २०२४ ला तिनं निवृत्ती जाहीर केली.

रिओच्या वेळी दीपा एकटी होती. तिचा गुडघा म्हणजे देशाचं सगळं महिला जिम्नॅस्टिक्स, म्हणून तिची प्रत्येक दुखापत एवढी महाग पडली. पुढे चित्र थोडं बदललं. २०१८ मध्ये मेलबर्नला हैदराबादच्या अरुणा रेड्डीनं विश्वचषकात कांस्य मिळवलं. बंगालच्या प्रणती नायकनं २०१९ आणि २०२२ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धांत व्हॉल्टची कांस्यपदकं घेतली, आणि दीपाला जे टोकियो हुकलं तिथं प्रणती पोचली.