वायकिकीवर गाऊन, वाइपाहूत किमोनो

संध्याकाळी होनोलुलूच्या वायकिकी किनाऱ्यावर चालताना पावलोपावली थांबावं लागतं. कुठे तरी फोटोग्राफर सूचना देत असतो, जपानी नवरी पांढऱ्या गाऊनचा घोळ सावरते आणि नवरदेव चकचकीत बुटांतून वाळू झटकतो. लग्नासाठी जपानहून इथे उडत येणारी जोडपी पुष्कळ. पोवळ्याच्या दगडांत बांधलेलं, १८४२ साली पूर्ण झालेलं कावाइआहाओ चर्च त्यांच्या खास आवडीचं. चर्चमध्ये लग्न लावायला ख्रिस्ती असायला हवं, असं त्यांना वाटत नाही.

मला मात्र शंभर वर्षांपूर्वी जहाजाने आलेल्या वधूंचा माग काढायचा होता. म्हणून बसने वाइपाहू गाठलं. इथे उसाच्या मळ्यांवरच्या मजुरांची वस्ती खुल्या संग्रहालयाच्या रूपात पुन्हा उभी केली आहे. १८८५ साली 'सिटी ऑफ टोकियो' जहाजातून कराराचे जपानी मजूर आले. त्यांत बहुतेक एकटे पुरुष होते. १९०८ पासून नव्या मजुरांना मज्जाव झाला, पण बायकोला बोलावता येई. मग गावी फोटो पाठवायचा, वडीलधाऱ्यांनी जमवायचं, आणि मुलीचं नाव सासरच्या कुटुंबनोंदीत चढलं की नवऱ्याचं तोंडही न पाहता ती विवाहित! १९२४ च्या कायद्याने दार बंद होईपर्यंत अशा हजारो 'फोटो-वधू' आल्या.

किमोनो नेसून त्या बंदरावर उतरल्या आणि थोड्याच दिवसांत मळ्यात उभ्या राहिल्या. उसाची पाती अंग कापतात. तिथे किमोनोच्या लोंबत्या बाह्यांचा काय उपयोग? जाड सुती कापडाची जाकिटं, हातांवर आणि पोटऱ्यांवर आवरणं, हा त्यांचा नवा पोशाख. आधी शिवणकाम करणाऱ्या आणि पुढे संशोधक झालेल्या बार्बरा कावाकामी यांनी म्हाताऱ्या बायकांना बोलतं करून हे सारं नोंदवलं. त्यांचं पुस्तक १९९३ चं.

परतताना होनोलुलूतलं इझुमो ताइशा देऊळ पाहिलं. मूळ १९०६ चं. इथला देव ओकुनिनुशी जोड्या जुळवणारा, त्यामुळे अशा वधूंची लग्नं इथेही लागली. शिंतो लग्नात नवरी नखशिखांत पांढरा शिरोमुकु घालते, डोक्यावर तसंच शुभ्र आवरण; मेजवानीत तो बदलून भरजरी रंगीत उचिकाके. आपल्याकडे अष्टपुत्री बदलून शालू येतो, तसंच. हा पांढरा पोशाख जुना, पण देवळात लग्न लावण्याची रीत रुजली ती १९०० साली युवराज योशिहितोंचं लग्न तसं झाल्यावर. 'परंपरा' आणि 'आधुनिक' यांत अंतर वाटतं तेवढं नाही.

हवाईतल्या जपानी घरांनी तर त्यात स्वतःची भर घातली आहे. लग्नाआधी नवरी आणि घरचे मिळून सोनेरी कागदाचे क्रौंच पक्षी घडवतात आणि ते कुलचिन्हाच्या आकारात चौकटीत बसवतात. नवरी गाऊनमध्ये असो की किमोनोत, ही चौकट मांडवात हवीच. जपानमध्ये हजार क्रौंच पुरतात. इथे एक हजार एक लागतात.