हातचा सोडून द्या!

हिशेबात हातचा विसरला तर शाळेत छडी बसते आणि बँकेत मेमो मिळतो. आमच्यासारख्या बी.कॉम. माणसाची उभी हयात हा हातचा सांभाळण्यात जाते. असं असताना, पुण्याहून सोलापूरला सुट्टीवर आलेला आमचा भाचा लॅपटॉपवर बोटं चालवता चालवता म्हणतो, "मामा, इथे हातचा सोडून द्यायचा असतो!"

तो 'रस्ट' भाषेत हॅश फंक्शन लिहीत होता. रस्ट म्हणजे कपाटाला चढतो तो गंज नव्हे. भाषेचे जनक ग्रेडन होअर यांनी नाव घेतलं ते ज्वारीवर पडतो तसल्या तांबेऱ्यावरून. मुलाचं नाव हौसेने 'तांबेरा' ठेवणारा बाप मी प्रथमच ऐकला.

आता हॅश म्हणजे काय? तर नाव कोशिंबिरीसारखं बारीक चिरायचं, त्याचा एक आकडा करायचा आणि त्या आकड्यावरून कप्पा ठरवायचा. अक्षरवार यादी का नको? कारण 'क'च्या पानावर कुलकर्णी, कदम, कांबळे, काळे दाटीवाटीने उभे आणि 'ढ'च्या पानावर ढोबळे एकटे पाय पसरून! त्यातून यंत्राच्या आजच्या रिवाजात 'अ' लिहायचा तर 224, 164, 133 असे 3 आकडे लागतात, आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर 224 नेच सुरू होतं. नुसता पहिला आकडा पाहून कप्पा दिला, तर अख्खा महाराष्ट्र एकाच खिडकीशी.

म्हणून फाउलर, नोल आणि व्हो या त्रिकुटाची रीत. मूळ कल्पना 1991 ची. सुरुवात 2166136261 पासून. त्यात अक्षराचा एकेक आकडा मिसळायचा आणि दर वेळी 16777619 ने गुणायचं. पहिलाच गुणाकार 17 आकडी होतो. त्यातले शेवटचे 32 द्विमान अंक ठेवायचे, बाकी सगळा हातचा कचऱ्यात! मला घाम फुटला. पण गंमत अशी, की तेच नाव दिलं तर दर वेळी तोच आकडा येतो, आणि एक मात्रा बदलली की आकडा कुठल्या कुठे जातो.

रस्टबद्दल मात्र माझं मत चांगलं झालं. साधा गुणाकार मर्यादेबाहेर गेला, की चाचणीच्या वेळी प्रोग्रॅम जागच्या जागी थांबतो. हातचा टाकायचाच असेल तर 'रॅपिंग मल' असं स्पष्ट लिहून द्यावं लागतं. थोडक्यात, लेखी मंजुरी!

तरी दोन नावं एका कप्प्यात येतातच. मग पूर्ण नाव ताडून पाहावं लागतं. म्हणजे सही पडताळणारा कारकून तिथेही सुटलेला नाही. जीव जरा भांड्यात पडला.

"पण मामा, ही रीत उघड आहे ना," भाचा म्हणाला. "कुणी खोडसाळाने मुद्दाम एकाच कप्प्यात जाणारी हजारो नावं पाठवली तर?"

"तर पेन्शनची तारीख!" मी म्हणालो. बाकीच्या खिडक्यांवर माशा आणि एका खिडकीवर सगळं गाव. हा धोका 2003 मध्येच दाखवला गेला होता. म्हणून 2012 मध्ये ओमासों आणि बर्नस्टाइन यांनी 'सिपहॅश' काढला. त्यात गुप्त किल्ली असते, त्यामुळे कुणाचा कप्पा कुठला हे बाहेरच्याला कळत नाही. वेग थोडा कमी. रस्ट न सांगता तोच वापरते.

भाच्याने अखेर घरच्या यादीला वेगवान रीत ठेवली आणि बाहेरून येणाऱ्या नावांना सिपहॅश. मी विचारलं, "किल्ली कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही. प्रोग्रॅम सुरू झाला की यंत्र स्वतःच नवी बनवतं."

आमच्याकडे स्ट्राँगरूमच्या किल्ल्या दोघांकडे असतात, आणि त्यातला एक नेहमी रजेवर.