यादीतला साधा शब्द

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की पाली लागते. बिंदुसरेचं धरण, बालाघाटाचे डोंगर आणि पावसाळा सरता सरता विकायला आलेली सीताफळं. डोंगरातली ही झाडं बहुतेक कुणी लावलेली नसतात, त्यांना कुणी पाणी घातलेलं नसतं. उपासनेत ‘कृपादान’ हा शब्द कानावर आला, की लहानपणी माझ्या डोळ्यांपुढे सीताफळच यायचं.

पुढे हाच शब्द मला जड झाला. आई आजारी होती. संजीवन सभांना आम्ही तिला रिक्षातून नेत असू. आरोग्यदानाचं वरदान लाभलेले वक्ते डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे, मंडळी आमेन म्हणायची. आई बरी झाली नाही. आमचाच विश्वास उणा पडला असेल, असं कुणीतरी हळूच म्हणालं. ते वाक्य मी कितीतरी वर्षं उराशी बाळगलं.

करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल कृपादानांची यादी देतो. चमत्कार, रोग बरे करणं, नाना भाषा. श्रेष्ठ दानांची उत्कंठा बाळगा, असंही सांगतो. पण त्याच यादीत, रोग बरे करण्याच्या लगेच पुढे, एक साधा शब्द आहे. मदत करणं. हात देणं. या दानासाठी कधी सभा भरल्याचं मला आठवत नाही.

तो शब्द मला पालीमुळे दिसला. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी दत्ता आणि संध्या बारगजे यांनी ‘इन्फंट इंडिया’चं घर इथेच उभं केलं. ज्या मुलांच्या ताटाला ताट लावायला नातलग भ्यायचे, त्यांना त्यांनी आपल्या घरात घेतलं. स्पर्शानं, एका पंगतीत जेवल्यानं हा विषाणू पसरत नाही, हे विज्ञानानं कधीच सांगितलं होतं. भीतीला मात्र ते ऐकू येत नव्हतं. २००४ पासून सरकारी केंद्रांतून एआरटीची औषधं मोफत मिळू लागली. या औषधांनी विषाणू दबून राहतो, मूल शाळेत जातं, मोठं होतं. पण तो शरीरातून जात नाही. गोळी रोज घ्यायची, आयुष्यभर. आणि लहान मुलाच्या हातावर ती रोज ठेवायला, वेळ चुकू न द्यायला, तापात उशाशी बसायला कुणीतरी लागतंच.

हे काम काही मिशनचं नाही. तरीही पौलाच्या यादीतला तो शब्द मी इथेच वाचायला शिकले.

मार्कच्या पहिल्याच अध्यायात येशूपुढे एक कुष्ठरोगी गुडघे टेकतो. त्या घटनेचा क्रम मी आता फार सावकाश वाचते. येशूला कळवळा येतो, तो हात पुढे करून त्याला स्पर्श करतो, आणि त्यानंतर कुष्ठ जातं. म्हणजे हात लागला तेव्हा तो माणूस अजून रोगीच होता. आम्ही सभांमधून कुष्ठ जाण्याची वाट पाहत राहिलो. त्याच्या आधी घडलेलं आमच्या नजरेतून सुटलं.

आईच्या शेवटच्या महिन्यांत गल्लीतल्या एक मावशी रोज सकाळी यायच्या. मंडळीत त्या सगळ्यात मागे, दाराशी बसत. मोठ्यानं प्रार्थना करताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. आईचे केस गळून विरळ झाले होते, तिला कंगवाही सोसत नसे. मावशी वाटीत कोमट तेल घेऊन बसायच्या, बोटांनीच गुंता सोडवायच्या आणि उरलेल्या केसांची बारीक वेणी घालायच्या. मग आई आरसा मागायची.