माल्ताल्याती आणि वरणफळे

इटालियन स्वयंपाक घरी करावयाचा, तर महागडे चीज आणि परदेशी तेल हवेच, असा एक समज असतो. नंदनवनातल्या आमच्या घरातही तो बरीच वर्षे नांदला. लेकीच्या हट्टापायी आम्ही दोघे प्राध्यापक पाककृतींची पुस्तके एखाद्या संहितेसारखी वाचू लागलो, तेव्हा तो ढासळला.

पेल्लेग्रीनो आर्तुझी नावाच्या व्यापाऱ्याने सत्तरीत, १८९१ साली, फ्लोरेन्समध्ये पदरमोड करून पाककृतींचे पुस्तक छापले. इटली १८६१ मध्येच एक राष्ट्र झाली होती; ताटे मात्र प्रांतोप्रांती निराळी होती. उत्तरेत पास्त्यासाठी मऊ गव्हाच्या पिठात अंडी घालीत, दक्षिणेत कठीण गव्हाच्या रव्यात नुसते पाणी. हा कठीण गहू म्हणजे आपल्या बन्सीचीच जात. तिकडचा फार्रो म्हणजे बहुधा आपली खपली. म्हणजे अर्धी इटली जगनाडे चौकाजवळच्या किराणा दुकानातच होती!

मग आम्ही माल्ताल्याती करावयास घेतली. या शब्दाचा अर्थच 'वाईट कापलेले'. मोठी पोळी लाटून तिच्या नीट पट्ट्या कापल्या की कडेचे वेडेवाकडे तुकडे उरतात. ते टाकून न देता घेवड्याच्या दाट रश्श्यात शिजवावयाचे. काटकसरीतून जन्मलेला हा पदार्थ. आम्ही अंड्याऐवजी बारीक बन्सी रवा कोमट पाण्यात मळला, अर्धा तास झाकून ठेवला आणि घेवड्याच्या जागी चवळी घेतली. अमेरिकेतून घेवडा येण्यापूर्वी इटलीत चवळीच खात असत.

आई दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "अरे, ही तर वरणफळंच होय!"

आम्ही हसलो खरे, पण ते हसू टिकले नाही. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयातले सहकारी अवचित घरी आले होते. त्या संध्याकाळी आईने तुरीच्या वरणात फळे सोडली होती. लसणाच्या फोडणीचा वास घरभर होता. महिनाअखेरचे, भाजी नसलेल्या दिवसाचे ते अन्न पाहुण्यांपुढे कसे ठेवावे, म्हणून आम्ही ते पातेले झाकून आत ठेवावयास सांगितले आणि बाहेरून काहीबाही मागविले. वर्गात लोकसाहित्याची थोरवी सांगणारे आम्हीच ते.

आईने आमच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेली पोळी शंकरपाळ्यांसारखी एकसारखी कापली. माल्ताल्याती म्हणावी, तर ती फारच सुबक झाली! तिला नावाचा अर्थ सांगितला. तुकडे रश्श्यात सोडता सोडता ती सहज म्हणाली, "त्या दिवशीची फळं मी दुसऱ्या दिवशी एकटीनं संपवली."

स्वरात राग नव्हता. तो असता, तर क्षमा मागणे सोपे गेले असते. आयुष्यभर शब्द शिकविणाऱ्या आम्हा दोघांपैकी एकालाही त्या वेळी शब्द सापडला नाही. आम्ही पहिले ताट तिला वाढले. तिने वरून कच्चे तेल मागितले. ऑलिव्हची बाटली बाजूला सारून आम्ही जवसाचे तेल दिले.