आडनावाचं सिंहासन

आपल्याकडे हुद्द्यांची आडनावं झाली. देशमुख, पाटील, चिटणीस... आणि आम्ही कुलकर्णी. रोममध्ये नेमकं उलटं झालं. तिथे एका घराण्याचं नावच हुद्दा होऊन बसलं!

सीझर हे ज्युलियस सीझरच्या घराण्याचं नाव. तो स्वतः सम्राट कधीच नव्हता बरं का. इ.स.पू. ४४ मध्ये त्याचा खून झाला आणि मृत्युपत्रातून दत्तक गेलेल्या ऑक्टेव्हियनकडे हे नाव आलं. तोच पुढे ऑगस्टस झाला. दत्तकाने नाव चालवणं आपल्याला नवीन नाही. पण इ.स. ४१ मध्ये गादीवर आलेला क्लॉडियस या घराण्यात दत्तकसुद्धा नव्हता. त्याने सरळ नाव लावलं. ६८ मध्ये नीरो मेला, घराणं संपलं, नाव मात्र गादीला चिकटून राहिलं.

त्याची किंमत बदलत गेली. २९३ मध्ये डायोक्लेशियनने सत्ता चौघांत वाटली, तेव्हा थोरले दोघे ऑगस्टस आणि धाकटे दोघे सीझर. म्हणजे युवराजपद म्हणा! पुढे जर्मनांचा कैसर झाला, बल्गेरिया-रशियाचा झार झाला. १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी कैसर-ए-हिंद झाली. नंतर त्याच नावाचं पदक निघालं. ते पंडिता रमाबाईंना १९१९ मध्ये मिळालं, तर गांधीजींनी आपलं पदक १९२० मध्ये परत केलं. जे नाव लावायला माणसं जिवावर उदार झाली, ते परतही करता येतं तर!

आमचं कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेलं. घरात अजूनही कुणीतरी त्या दिवसांबद्दल हळहळतं. (नातेवाईकांनो, रागावू नका.) मला मात्र ते गेलं हेच बरं वाटतं. आता हे आडनाव कुणावर हुकूम चालवत नाही, नुसतं पत्त्यावर लिहायच्या उपयोगाचं उरलंय.

बल्गेरियाचा शेवटचा झार सिमेऑन १९४६ मध्ये देशाबाहेर गेला, तेव्हा नऊ वर्षांचा होता. २००१ मध्ये तोच निवडणूक जिंकून पंतप्रधान झाला. तेव्हा त्याचं नाव होतं सिमेऑन बोरिसॉव्ह साक्सकोबुर्गगोत्स्की. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अगदी आपल्यासारखं. त्यात झार कुठेच नव्हता, आणि लोकांनी मतं दिलीच की!